गिटार शिकवणाऱ्यांची शाळा : एका निवासी कार्यशाळेची दैनंदिनी

एका विद्यार्थ्याला समोर बसवून गिटार शिकवणे आणि तीस मुलांच्या वर्गाला एकाच तासात गिटार शिकवणे, या दोन कामांत वाद्य सोडले तर फारसे साम्य नाही. पहिल्या कामात शिक्षकाचे लक्ष सतत एकाच विद्यार्थ्याच्या हातांवर असते. दुसऱ्यात मात्र एका मुलाचे बोट नीट बसवून देईपर्यंत उरलेली एकोणतीस मुले काय करत असतात, यावर सगळा तास अवलंबून असतो. माझे स्वतःचे शिक्षण पहिल्या पद्धतीने झाले आणि नोकरी दुसऱ्या पद्धतीची मिळाली. त्यामुळे शालेय वर्गात गिटार शिकवणाऱ्यांसाठी निवासी प्रशिक्षण कार्यशाळा भरणार असल्याचे कळले, तेव्हा सुटीतला तो आठवडा मी लगेच राखून ठेवला. ज्यांना असे वर्ग घ्यायचे आहेत त्यांच्या उपयोगी पडावी, या हेतूने ही दिवसवार नोंद लिहिली आहे.

रविवार

गिटार घेऊन लांबचा प्रवास करायचा म्हणजे आधी तिच्या पेटीचा विचार करावा लागतो. कापडी पिशवी खांद्याला हलकी पडते, पण गर्दीत एखादी जड बॅग गिटारच्या डोक्यावर आदळली, तर डोके मानेला जिथे तिरके जोडलेले असते नेमके तिथेच लाकूड तडकते. म्हणून कडक पेटी घेतली, मानेखाली मऊ कापडाची घडी ठेवली आणि तारा थोड्या उतरवल्या. धक्क्याइतकीच भीती हवेचीही असते. हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड ठीक राहते. फार कोरड्या हवेत समोरची पातळ फळी आकसून चिरते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवलेल्या गिटारचा सरस मऊ होऊन ब्रिज, म्हणजे तारा जिला गाठवलेल्या असतात ती लाकडी पट्टी, उखडू शकतो. रेल्वेच्या डब्यात दुपारचे ऊन नेमके पेटीवर येऊ लागले, तेव्हा सहप्रवाशांना विनंती करून ती पलीकडच्या बाजूला सरकवली. बाकी प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

संध्याकाळी परिचयाचे सत्र झाले. जमलेल्यांमध्ये मुरलेले गिटारवादक होते, तसेच शाळेत गायन किंवा व्हायोलिन शिकवता शिकवता गिटारचा वर्ग अंगावर आलेले शिक्षकही होते, आणि त्यांतल्या काहींना चार-पाच कॉर्डच्या (एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळण्यांच्या) पलीकडे वाजवता येत नव्हते. मुख्य प्रशिक्षकांनी कोणालाही काही वाजवून दाखवायला सांगितले नाही. प्रत्येकाला त्यांनी एवढेच विचारले, की तुमच्या वर्गात मुले किती आणि गिटार किती. दोन्ही आकडे सारखे असलेला शिक्षक क्वचितच निघाला. ही उत्तरे त्यांनी फळ्यावर लिहिली आणि शेवटच्या दिवसापर्यंत पुसू दिली नाहीत. पुढच्या प्रत्येक सत्रात कोणतीही युक्ती सांगून झाली, की ते त्या आकड्यांकडे बोट दाखवून ती तिथे चालेल का, असे विचारत.

सोमवार

सकाळी सगळे अर्धवर्तुळात बसल्यावर पहिली सूचना मिळाली ती गिटार उलटी धरण्याची. ज्यांचा डावा हात फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी आखलेल्या घरांवर, चालतो त्यांनी मान उजव्या हातात घ्यायची आणि तारा डाव्या हाताने छेडायच्या. मग दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर एक बोट ठेवून फक्त पहिल्या तीन बारीक तारा वाजवायच्या. तिसरी तार मोकळी, म्हणजे ‘जी’ हा सूर, दुसरीवर ‘सी’, पहिली मोकळी, म्हणजे ‘ई’, एवढ्यात सी मेजर कॉर्ड तयार होते, आणि नवशिक्या मुलांना पहिल्या काही तासांत हीच दिली जाते.

वर्षानुवर्षे ज्यांची बोटे न बघता जागेवर पडतात, अशा शिक्षकांच्या माना खाली झुकल्या. तारा दिसाव्यात म्हणून प्रत्येकाने गिटारची समोरची बाजू आपल्याकडे कलती केली, आणि ती कलताच मनगट दुमडले. माझ्या शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ बाई मैफलींतून वाजवणाऱ्या आहेत. तार दाबून दाबून त्यांच्या बोटाचे नख पांढरे पडले, अंगठा मानेमागे ताठ झाला, तरी तार भणभणतच होती. आमची अशी धडपड चालू असताना प्रशिक्षक शांतपणे सूचना देत होते: खांदे सैल सोडा, बोट टोकावर उभे ठेवा, मनगट सरळ करा, चार मात्रांचे ठोके धरा. थोड्या वेळाने त्यांनी सर्वांना थांबवून विचारले, की मी काय काय सांगितले. जवळजवळ सर्वांना फक्त पहिली सूचना आठवत होती. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, हे आम्ही शिक्षक इतरांना नेहमी सांगत असतो. त्या सकाळी ते प्रत्येकाने स्वतःच्या बोटांनी अनुभवले.

त्यानंतर केलेला प्रयोग प्रत्येक वर्गात पहिल्या आठवड्यातच करावा असा आहे. तारेवर बोट नुसते टेकवायचे आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची. बोथट, मुका आवाज येतो. मग दाब अगदी हळूहळू वाढवत तार छेडत राहायचे. आधी भणभण येते आणि एका क्षणी सूर स्वच्छ होतो. तिथेच थांबायचे, कारण लागणारा दाब तेवढाच असतो. आता तेच बोट फ्रेटच्या पट्टीपासून मागे, दोन पट्ट्यांच्या मधोमध नेऊन पुन्हा तेच करायचे. या वेळी जास्त जोर लागतो, हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. बोट पट्टीच्या लगत मागे ठेवायचे असते हा नियम मग पाठ करून घ्यावा लागत नाही, आणि बोटे दुखतात ही तक्रारही बरीच कमी होते.

दुपारचे सत्र बैठकीवर आणि गिटारच्या मापावर होते. पूर्ण मापाच्या क्लासिकल गिटारवर तारेची वाजणारी लांबी साधारण ६५० मिलिमीटर असते. स्पेनमधील कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांच्या वाद्यांपासून हे माप रूढ होत गेले. तीन-चतुर्थांश म्हणून मिळणाऱ्या गिटारवर ही लांबी सुमारे ५८० मिलिमीटर भरते. फरक ऐकायला थोडा वाटतो, पण मोठ्या गिटारवर मानेच्या टोकापासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर १३४ मिलिमीटर, तर छोट्या गिटारवर १२० मिलिमीटर येते. चार बोटांनी चार फ्रेट व्यापायचे असतील तर नऊ वर्षांच्या मुलासाठी हे चौदा मिलिमीटर निर्णायक ठरतात. गिटार धरणे हे पूर्वीच्या वादकांनाही अवघड वाटत होते. दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) यांनी त्यासाठी एक तिपाईच तयार केली होती. गिटार तिच्यावर बसवली की वादकाचे दोन्ही हात वाद्याच्या भारातून मोकळे होत. शाळेत तिपाया मिळणार नाहीत, पण डाव्या पायाखाली ठेवायला प्रत्येक मुलाला छोटे पायस्टूल मिळाले पाहिजे, आणि ते मिळेपर्यंत लाकडाचा ठोकळाही चालतो.

याच सत्रात विश्रामाची बैठक शिकवली. शिक्षकाने हात वर केला की गिटार मांडीवर आडवी ठेवायची, तारा वरच्या बाजूला, आणि दोन्ही हात तारांवर पालथे टेकवायचे. तारा हाताखाली असल्यामुळे चुकूनही आवाज होत नाही. गिटारच्या वर्गातील सर्वात मोठी अडचण म्हणजे शिक्षक बोलत असताना चालू राहणारी टुणटुण. ती थांबवण्यासाठी ओरडावे लागले की तासाचा सूर बिघडतो. ही बैठक आम्ही दिवसभर इतक्या वेळा केली, की संध्याकाळी प्रशिक्षकांनी सहज हात वर केला तरी सगळ्यांच्या गिटार खाली येत होत्या.

मंगळवार

हा दिवस पूर्णपणे तारा जुळवण्याला दिला होता. काहींना सुरुवातीला ते अती वाटले. मला मात्र हा आठवड्यातला सर्वात मोलाचा दिवस वाटला.

तीस गिटार म्हणजे १८० खुंट्या. एका खुंटीला वीस सेकंद धरले तरी एकट्या शिक्षकाला एक तास लागतो, म्हणजे शाळेचा तास गिटार लावण्यातच संपतो. शिक्षकाने वर्गापूर्वी येऊन सगळ्या गिटार लावून ठेवल्या तरी मुले त्या रॅकवरून उचलताना खुंट्यांना हात लागतो, आणि नव्या नायलॉनच्या तारा तर पुढचे काही दिवस ताणतच राहतात. म्हणून गिटार लावणे हा वर्गापूर्वीचा उपचार न मानता वर्गाचा पहिला धडाच मानावा, असा प्रशिक्षकांचा आग्रह होता.

त्यांनी दाखवलेला क्रम असा होता. शिक्षक आपल्या गिटारची पाचवी तार छेडतो आणि सगळे हात तारांवर ठेवून ऐकतात. मग सगळे तो सूर गुणगुणतात. गुणगुणणे चालू असतानाच प्रत्येक जण आपली तार छेडतो आणि आपल्या गळ्यातला सूर व तारेचा सूर एकच आहे की वेगळा, एवढेच ठरवतो. वेगळा असेल तर वर आहे की खाली, हा पुढचा प्रश्न. खुंटीला हात त्यानंतर लावायचा. पहिले काही तास मुलांनी खुंटी फिरवायचीच नाही, फक्त उत्तर द्यायचे. सूर चढा असेल तर तार आधी थोडी जास्त उतरवायची आणि मग खालून वर आणत जागेवर आणायची, कारण वरून खाली आणलेल्या तारेत ढिलाई राहते आणि ती लगेच पुन्हा उतरते.

गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर, म्हणजे सुराचे अक्षर दाखवणारे छोटे यंत्र, लाकडातील कंपने टिपतो, त्यामुळे गोंगाटातही चालतो आणि वर्गात त्याचा खरोखर उपयोग होतो. मात्र तो सुराचे नाव सांगतो, सप्तक सांगत नाही. तार खूपच उतरलेली असली, की ती जवळच्या दुसऱ्याच सुरावर लागते आणि ट्यूनरवर वेगळे अक्षर दिसते. मग मूल हवे ते अक्षर येईपर्यंत खुंटी चुकीच्या दिशेने फिरवत राहते आणि तार तुटते. पहिली तार ३३० हर्ट्झच्या जवळपास आणि सहावी ८२ हर्ट्झच्या जवळपास लागते. दोन्हींचे नाव ई हेच, अंतर मात्र दोन सप्तकांचे. कानाने आधी अंदाज घेतलेला असेल तरच ट्यूनर मदत करतो.

दुपारी एका सहकाऱ्याने विचारले, की हार्मोनिकने, म्हणजे तार न दाबता तिला बोट हलकेच टेकवून काढलेल्या सुराने, गिटार लावली तर ती कॉर्डमध्ये बेसूर का लागते, आणि त्यावर जी चर्चा झाली ती मला मुद्दाम नोंदवावीशी वाटते. सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरील हार्मोनिक आणि पाचव्या तारेच्या सातव्या फ्रेटवरील हार्मोनिक एकमेकांशी जुळवणे ही लोकप्रिय पद्धत आहे. पण पहिला हार्मोनिक मूळ सुराच्या चौपट आणि दुसरा तिप्पट असतो. ते दोन्ही तंतोतंत जुळवले, की दोन तारांमध्ये नैसर्गिक मध्यमाचे अंतर तयार होते, आणि ते फ्रेटच्या समविभागी स्वरांतरापेक्षा सुमारे दोन सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पन्नासाव्या भागाइतके कमी असते. असेच पाचवीवरून चौथी आणि चौथीवरून तिसरी लावत गेले, की तिसऱ्या तारेपर्यंत ही तूट सहा सेंटांवर जाते. दुसरी तार सहावीच्या सातव्या फ्रेटवरील हार्मोनिकशी जुळवली तर ती उलट दोन सेंट चढी होते. तिसरी उतरलेली आणि दुसरी चढलेली, म्हणजे या दोन शेजारणींमधले अंतर आठ सेंटांनी बिघडते, आणि जी, सी, ई मायनर अशा नेहमीच्या सगळ्या कॉर्डमध्ये या दोन तारा एकत्र वाजतात. तीक्ष्ण कानाच्या मुलाला ते खटकते आणि दोष आपल्याच कानाचा असे त्याला वाटते. म्हणून वर्गात फ्रेटवरची जुनी पद्धत बरी: पाचव्या फ्रेटवर दाबून पुढची तार लावायची, फक्त तिसरीवरून दुसरी लावताना चौथा फ्रेट घ्यायचा. शेवटचा ताळा म्हणून पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट दाबला की ४४० हर्ट्झचा ए मिळतो. हाच सूर १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सर्वांसाठी आधार म्हणून सुचवला गेला होता.

बुधवार

आज लिपीचा दिवस होता, आणि मतभेदांचाही. गिटारचे संगीत प्रत्यक्ष वाजणाऱ्या सुरापेक्षा एक सप्तक वर लिहिले जाते, त्यामुळे गायन शिकवणाऱ्यांना पहिल्या तासापासूनच गोंधळ होत होता. तो सकाळीच निस्तरला. त्यानंतर पहिल्या तीन तारांवरचे स्वर वाचण्याचे धडे झाले. प्रत्येक ओळ आधी डो-रे-मीने गायची, मग बोटांनी हवेत वाजवायची आणि मगच तारेवर. आपल्या सरगमेतील सा जसा कोणत्याही पट्टीत नेता येतो तसाच यातला डो नेता येतो, त्यामुळे ज्यांना सरगमेची सवय आहे त्यांना ही पद्धत पहिल्या दहा मिनिटांतच हाताशी येते.

मतभेद झाला तो टॅबवरून. सहा रेघांवर फ्रेटचे आकडे लिहिण्याची ही लिपी वर्गात आणूच नये, कारण मुले मग स्वर वाचायला शिकत नाहीत, असे प्रशिक्षकांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. बोट कुठे ठेवायचे हे सांगणारी लिपी काही आजची नाही. १६व्या शतकात ल्यूट या गिटारसारख्या जुन्या तंतुवाद्याचे संगीत अशाच लिपीत छापले जात होते, आणि त्यात ओळीवर लयीच्या खुणाही असत. आज मुलांना मिळणाऱ्या साध्या टॅबमध्ये नेमक्या याच खुणा गळलेल्या असतात. म्हणून टॅब टाकून देण्याऐवजी वर लयीच्या खुणा लिहिलेला टॅब द्यावा, आणि तीच ओळ शेजारी स्वरलिपीतही द्यावी, असे मी मांडले. एकमत झाले नाही. तरी जी मुले आठवड्यातून एकदाच गिटार हातात घेतात त्यांना दोन्ही लिप्या शेजारी शेजारी दिसाव्यात, हे माझे मत अजूनही तसेच आहे.

कॉर्डच्या सत्रात मात्र सगळे एकदिलाने कामाला लागले. पहिल्या तीन तारा मोकळ्या सोडल्या तर ई मायनर, म्हणजे एकही बोट नाही. सी, जी आणि जी सेव्हनला प्रत्येकी एक बोट, ए मायनरला दोन. एवढ्यावर कितीतरी गाण्यांची साथ होते, आणि पूर्ण सहा तारांच्या कॉर्डकडे जाताना हीच बोटे जागेवर राहतात, नवी बोटे तेवढी जोडली जातात. मुलांना आधी सोपे म्हणून काहीतरी शिकवून नंतर ते मोडायला लावणे, हा शिक्षणातील सर्वात महागडा प्रकार आहे. या क्रमात तो टळतो.

गुरुवार

सकाळी समूहवादनासाठी रचना कशी करायची याचे सत्र होते. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) यांनी मुलांसाठी आखलेल्या पद्धतीतील एक तत्त्व येथे गिटारवर आणले होते. सतत फिरत राहणारे छोटे आवर्तन एका गटाने धरायचे आणि त्यावर बाकीचे थर चढवायचे. गिटारवर याला एक नैसर्गिक सोयही आहे. सहा मोकळ्या तारांतून ई, ए, डी, जी आणि बी असे पाचच स्वर निघतात. जी हा सा मानला तर ते भूप रागाचे पाच स्वर होतात. त्यामुळे या स्वरांवर बेतलेल्या रचनेत कोणतीही मोकळी तार कधीही वाजली तरी ती कानाला खुपत नाही. ज्याची बोटे अजून फ्रेटवर बसत नाहीत त्यालाही पहिल्या दिवसापासून खऱ्या संगीतात जागा मिळते.

आम्ही गटागटाने आठ मात्रांची एक रचना चार भागांत लिहिली. पहिला भाग बारीक तारांवरील चाल, दुसरा तीन तारांच्या कॉर्ड, तिसरा दोन मोकळ्या तारांचे आवर्तन आणि चौथा जाड तारांवरील खर्ज. अट अशी होती, की प्रत्येक भाग एकटा वाजवला तरी ऐकावासा वाटला पाहिजे. तिसरा भाग लिहिताना सर्वात जास्त वेळ गेला, कारण सोपे लिहायचे म्हणून कंटाळवाणे लिहिण्याचा मोह फार होतो. आमच्या गटाने शेवटी त्या आवर्तनात सहाव्या मात्रेला एक विश्रांती ठेवली, आणि तेवढ्यानेच त्याला डौल आला.

दुपारी जवळच्या शाळेतील मुले आली आणि प्रशिक्षकांनी त्यांच्याबरोबर आमच्यातील एका गटाची रचना घेतली. खुर्च्या अशा मांडल्या होत्या, की दर दोन मुलांमागे शिक्षकाला चालायला वाट होती. जिथे दोघांत एक गिटार होती तिथे एक जण वाजवत होता आणि दुसरा त्याच्या मांडीजवळ बसून ठोके धरत स्वरांची नावे म्हणत होता; ठरावीक आवर्तनांनंतर गिटार हातोहात बदलत होती. रविवारी फळ्यावर लिहिलेल्या आकड्यांना हे उत्तर होते. हातात गिटार नसलेले मूल रिकामे बसत नव्हते, आणि त्याची पाळी आली तेव्हा त्याला भाग तोंडपाठ झालेला होता.

तिसऱ्या ओळीत एक मुलगी कॉर्ड बदलताना अडकत होती. सीवरून जीवर जाताना तिचे बोट दुसऱ्या तारेवरून उचलले जाई, पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटपर्यंत पोहोचेतो मात्रा निघून जाई, आणि मग ती वाजवणे थांबवून हाताकडे पाहत राही. प्रशिक्षक वर्ग न थांबवता तिच्याजवळ गेले, खाली वाकले आणि बोटाने फक्त तिच्या मोकळ्या तारा दाखवल्या. ती तिसऱ्या भागावर गेली. चार-पाच आवर्तने तिने मोकळ्या तारांवर लय धरली, तेव्हा तिचे खांदे खाली आले. मग त्यांनी दुरूनच खूण केली, की फक्त जी वाजव, सी सोडून दे. ती जीची वाट पाहत राहिली, बोट आधीच तिसऱ्या फ्रेटवर तयार ठेवून. काही वेळाने तिने आपणहून सी पुन्हा घेतला. या सगळ्यात प्रशिक्षक तिच्याशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि बाकीच्या मुलांचे वादन एकदाही खंडित झाले नाही. एका मुलाला वेळ द्यायचा तर बाकीच्यांचे वादन थांबवावे लागते, असे मी आजवर धरून चाललो होतो. तसे करावे लागत नाही, आणि ते रचना लिहितानाच ठरवता येते, हे त्या दुपारी डोळ्यांसमोर घडताना पाहिले. संध्याकाळी बराच वेळ आम्ही त्या मुलीविषयीच बोलत होतो.

शुक्रवार

आजचा दिवस दुरुस्तीचा. नायलॉनची तार ब्रिजला कशी गाठवायची, खुंटीवर किती वेढे द्यायचे, भणभणणारा फ्रेट कसा शोधायचा, हे प्रत्येकाने हाताने केले. क्लासिकल गिटारला पोलादी तारा कधीही लावू नयेत, ही सूचना पुन्हा पुन्हा दिली गेली. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो, पोलादी तारांचा ७० किलोच्या वर जातो, आणि तो सोसण्याइतका हलक्या गिटारचा सांगाडा मजबूत नसतो. एके काळी या तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतडे शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागल्याने तारांचा तुटवडा पडला. त्यानंतर न्यूयॉर्कमधील अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा आणल्या आणि स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी त्या स्वीकारल्या. आज शाळेला परवडणारी, बोटांना सौम्य आणि वर्गात कानठळ्या न बसवणारी गिटार मिळते, ती या बदलामुळे.

शनिवार

शेवटच्या सकाळी मूल्यमापनाची एक पद्धत शिकलो. ती साधी आहे आणि तासाचा वेळ खात नाही. सगळा वर्ग दोन कॉर्डचे आवर्तन हळू आवाजात चालू ठेवतो आणि एकेक मूल आपल्या पाळीला चार मात्रा एकट्याने वाजवते. काही चुकले तरी लय पुढे जाते आणि पाळी शेजाऱ्याकडे सरकते. शिक्षक हातातील यादीवर एकाच गोष्टीची खूण करतो. आज बोट फ्रेटच्या लगत आहे की नाही, पुढच्या आठवड्यात कॉर्ड वेळेवर बदलते की नाही. सगळा वर्ग एका आवर्तनात ऐकून होतो आणि कोणालाही फळ्यापुढे एकटे उभे राहून परीक्षा द्यावी लागत नाही. मात्र सुरुवातीचे काही आठवडे मुलांनी एकट्याने वाजवण्याऐवजी जोडीने वाजवावे, ही एका सहकाऱ्याची सूचना मला मूळ पद्धतीपेक्षा अधिक योग्य वाटली, कारण बुजऱ्या मुलाला एकट्याच्या चार मात्राही फार लांब वाटतात.

त्यानंतर प्रत्येकाने आपल्या शाळेसाठी पहिल्या महिन्याचे नियोजन लिहिले आणि आम्ही एकमेकांच्या रचनांच्या प्रती घेतल्या. आपली रचना दुसऱ्याच्या वर्गात वाजवली गेली, की कोणत्या भागात मुले अडली हे तिच्या कर्त्याला कळवायचे, असे ठरले. दुपारी निरोप झाले.

परतीच्या गाडीत मी मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्राचा मसुदा लिहून काढला. त्यात नव्या गिटारची मागणी नाही. दर दोन मुलांमागे एक पायस्टूल, पहिल्या आणि चौथ्या तारेचे जास्तीचे संच, गिटारच्या खोलीसाठी एक आर्द्रतामापक आणि रॅकवर क्रमांक घालण्याची परवानगी एवढे मागितले आहे. वेळापत्रकाबाबत मात्र आग्रहाची विनंती आहे. गिटारचे दोन तास एकाच दिवशी जोडून न ठेवता आठवड्यात वेगवेगळ्या दिवशी ठेवावेत, कारण बहुतेक मुलांच्या घरी गिटार नाही. जोडतासाच्या दुसऱ्या अर्ध्यात त्यांची बोटे दुखून येतात, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत हात शिकलेले विसरतो.